शिष्यवृत्ती मिळाली. मग? ऊर्जाक्षेत्र, क्री समाज आणि संशोधनाचा प्रश्न



गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, परदेशातल्या मूळ रहिवासी विद्यार्थ्यांना ऊर्जाक्षेत्रात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळतात, तो विषय पीएचडीला घेतला तर चालेल का? डेटा भरपूर आहे. कुणी किती जणांना किती रक्कम दिली, सगळं वार्षिक अहवालांमध्ये सापडतं."

विषय चालेल, चांगलाच आहे. पण "डेटा भरपूर आहे" हे ऐकून मला माझी पहिली सिनॉप्सिस आठवली. तिच्यातही असाच एक देखणा तक्ता होता: वर्ष, लाभार्थी, रक्कम. गाईडनी त्या तक्त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहून कागद परत दिला होता: "मग?"

आजची पोस्ट त्या "मग?"बद्दल आहे. उदाहरण कॅनडाचं घेते, कारण वीज, जमीन आणि शिक्षण यांची गाठ तिथे फार स्पष्ट दिसते. शेवटी आपल्याकडेही येऊ.

आधी शब्द नीट ठरवा

मराठीत "मूलनिवासी", "आदिवासी", "मूळ रहिवासी" हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण प्रबंधात ते चालत नाही. "मूलनिवासी" या शब्दाला महाराष्ट्रात बहुजन चळवळीतून आलेला वेगळा राजकीय अर्थ आहे. "आदिवासी" म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर अनुसूचित जमाती येतात. म्हणून कॅनडाबद्दल लिहिताना मी "मूळ रहिवासी" असं म्हणते आणि पहिल्याच पानावर व्याख्या देते. कॅनडाच्या १९८२च्या राज्यघटनेतल्या कलम ३५मध्ये तीन समूह येतात: इंडियन (आज रूढ शब्द फर्स्ट नेशन्स), इनुइट आणि मेटी.

व्याख्येचा हा भाग कोरडा वाटतो, पण शिष्यवृत्तीचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो. फर्स्ट नेशन्सच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचा जो मुख्य शिक्षणनिधी आहे, तो "स्टेटस" असलेल्यांना, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टखाली नोंद असलेल्यांना मिळतो. ही नोंद कुणाची आणि कशी, याचा इतिहास सरळ नाही. १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये तर अशी तरतूद होती की एखाद्या इंडियन व्यक्तीने विद्यापीठाची पदवी घेतली, किंवा ती डॉक्टर, वकील अथवा धर्मगुरू झाली, की तिचा "इंडियन" हा दर्जा आपोआप संपायचा. १८८०मध्ये यातला "आपोआप" गेला आणि अर्ज करण्याची अट आली. पुढे कितीतरी दशकं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं म्हणून बायकांचा दर्जा जात राहिला. त्यात मोठी दुरुस्ती व्हायला १९८५ उजाडलं.

त्याच्या जोडीला निवासी शाळा. मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा आणि चालीरीती पुसण्यासाठी चालवलेल्या या शाळांपैकी शेवटच्या बंद झाल्या त्या १९९०च्या दशकात. म्हणजे ज्या समाजात शिक्षण घेणं म्हणजे आपली ओळख गमावणं असा थेट अनुभव आहे, त्या समाजाला आज आपण "उच्च शिक्षणासाठी प्रोत्साहन" देतोय. हा संदर्भ सोडून नुसती लाभार्थ्यांची संख्या मोजली तर आकडे बरोबर येतील, पण वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

वीज कंपन्या शिष्यवृत्ती का देतात?

पैसा कुठून येतो ते वेगळं करून बघा. ढोबळ मानाने चार खिसे आहेत.

१. केंद्र सरकारचा निधी. तो बहुतेक ठिकाणी फर्स्ट नेशन्सच्या स्वतःच्या कार्यालयांमार्फत वाटला जातो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या निधीच्या वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आली आणि ती बराच काळ टिकली. याचा संशोधनाशी संबंध काय? त्या काळातली लाभार्थ्यांची संख्या ही शिकायला इच्छुक असलेल्यांची संख्या नव्हे. पैसा जिथे संपला, तिथे ती संख्या थांबली.

२. करारातून आलेला हक्क. याचं उदाहरण पुढे सविस्तर बघू.

३. धर्मादाय संस्था. इन्स्पायर ही यातली मोठी संस्था. ती सरकार, कंपन्या आणि दाते यांच्याकडून निधी घेऊन मूळ रहिवासी विद्यार्थ्यांना देते.

४. कंपन्यांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या. बीसी हायड्रो, मॅनिटोबा हायड्रो अशा वीज कंपन्या मूळ रहिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या ठेवतात. काहींबरोबर उन्हाळ्यातलं काम किंवा इंटर्नशिपही असते.

चौथ्या खिशाकडे बघून "कंपनी चांगलं काम करते" असं वाटतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कॅनडाची बरीच वीज उत्तरेकडच्या नद्यांवरच्या धरणांतून येते आणि त्या नद्या, ती जंगलं मूळ रहिवाशांच्या वहिवाटीची आहेत. २००४च्या हैदा नेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ रहिवाशांच्या हक्काला बाधा येऊ शकेल असा निर्णय घेण्याआधी सरकारने त्यांच्याशी सल्लामसलत केली पाहिजे, मग तो हक्क कोर्टात अजून सिद्ध झालेला नसला तरी. त्यामुळे मोठ्या प्रकल्पाआधी कंपनी आणि समाज यांच्यात करार होतात. त्या करारात रोजगार असतो, कंत्राटं असतात, प्रशिक्षण असतं, कधी शिष्यवृत्तीही असते.

म्हणून पहिला प्रश्न: ही शिष्यवृत्ती देणगी आहे की देणं? देणगीचा हिशेब दाता ठरवतो. देणं असेल तर ज्याला मिळायचंय तोही हिशेब मागू शकतो. तुमचा प्रबंध या दोहोंपैकी कुणाच्या वहीतून लिहिला जाणार, ते इथेच ठरतं.

१५०चा आकडा

आता क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडे जाऊ, जेम्स बेच्या किनाऱ्यावर. हा क्री समाजाचा प्रदेश, त्यांच्या भाषेत ईयू इस्ची.

१९७१मध्ये प्रांताचे प्रमुख रोबेर बुरासा यांनी इथल्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्री लोकांना विचारलंच नव्हतं. ते आणि त्या भागातले इनुइट कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला, पण आठवडाभरात वरच्या कोर्टाने तो स्थगित केला आणि बुलडोझर परत सुरू झाले. शेवटी ११ नोव्हेंबर १९७५ला जेम्स बे करार झाला. क्री आणि इनुइट मिळून २२.५ कोटी डॉलर भरपाई ठरली. शिक्षणाबाबत त्यात एक महत्त्वाची गोष्ट झाली: क्री समाजाचं स्वतःचं शाळा मंडळ आलं. शाळेत क्री भाषेतून शिकवायचा अधिकार मिळाला, आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांचा खर्चही याच मंडळामार्फत होऊ लागला. वरच्या यादीतला दुसरा खिसा तो हा.

प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या एकट्या रोबेर-बुरासा केंद्राची क्षमता ५,६१६ मेगावॅट आहे. नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज बेटावर राहणाऱ्या लोकांना मुख्य भूमीवर चिसासिबी इथे हलवलं गेलं. नव्या जलाशयांतल्या माशांमध्ये पारा वाढला आणि मासे किती खायचे याची बंधनं आली.

मग नोकऱ्यांचं काय? १९८६च्या ला ग्रांद करारात हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीने १९९६पर्यंत १५० क्री लोकांना कायम नोकरीत घेण्याचं उद्दिष्ट मान्य केलं. ते गाठलं गेलं नाही. २००२मध्ये क्री आणि क्वेबेक सरकार यांच्यात "ब्रेव्हांचा तह" म्हणून ओळखला जाणारा ५० वर्षांचा नवा करार झाला. त्याच सुमारास हायड्रो-क्वेबेकबरोबर रोजगाराचा वेगळा करार झाला, त्याचं नाव आपातिसीविन. त्यात प्रशिक्षणाची सोय होती आणि उद्दिष्ट होतं १५ वर्षांत १५० कायम कर्मचारी.

तोच आकडा, मुदत मात्र १९९६वरून २०१७वर गेली. आता संशोधक म्हणून तुम्ही काय विचाराल?

सोपा प्रश्न: १५० झाले का? हा ऑडिटरचा प्रश्न. महत्त्वाचा आहे, पण त्यावर पीएचडी उभी राहत नाही. संशोधनाचा प्रश्न असा: १९८६चा आकडा २००२मध्ये पुन्हा का लिहावा लागला? दरम्यान पैसा होता, करार होता, शाळा मंडळ होतं. मग अडलं कुठे?

साखळी कुठे तुटते ते बघा

इथे मी एक सोपी पद्धत वापरते. विद्यार्थ्यापासून नोकरीपर्यंतची साखळी कागदावर काढायची आणि प्रत्येक कडीशी विचारायचं: शिष्यवृत्ती ही कडी जोडते का?

*कडी १: शाळेतलं गणित-विज्ञान.* क्वेबेकमध्ये अकरा वर्षांची शाळा, मग सेजेप नावाचं कॉलेज आणि तिथे तीन वर्षांचा तंत्रशिक्षणाचा कोर्स. लहान गावातल्या शाळेला वरच्या वर्गाचं भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक मिळाला नाही, तर मूल त्या कोर्सच्या दारापर्यंतच पोचत नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती इथे उशिरा येते.

*कडी २: अंतर.* चिसासिबी ते मॉन्ट्रियल हजार किलोमीटरहून जास्त. शिष्यवृत्ती फी आणि भाडं देते. पण ज्या समाजात हंस पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम हा घरादाराचा मोसम असतो, तिथल्या अठरा वर्षांच्या मुलीला शहरात एकटेपणाचे चार महिने काढण्यासाठी काय मिळतं?

*कडी ३: भाषा.* ही मला सगळ्यात बोलकी वाटते. क्री मुलं सुरुवातीला क्रीमध्ये शिकतात, पुढे बरीचशी इंग्रजीतून. पण १९७७च्या भाषा कायद्यानंतर क्वेबेकमध्ये कामाची भाषा फ्रेंच, आणि हायड्रो-क्वेबेकचा कारभारही फ्रेंचमधून चालतो. म्हणजे विद्यार्थी हुशार, कोर्स पूर्ण, पण नियंत्रणकक्षातल्या सूचना तिच्या तिसऱ्या भाषेत. विदर्भातल्या कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत आणि तिथून इंग्रजी माध्यमाच्या इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

*कडी ४: जागा.* धरण बांधताना हजारो हात लागतात, चालवताना थोडे. जलविद्युत केंद्रांचं बरंचसं नियंत्रण दुरूनही होतं. प्रशिक्षण बांधकामाच्या वेळी दिलं आणि कायम जागा मोजक्याच असल्या, तर प्रमाणपत्रं जास्त आणि खुर्च्या कमी, असं होणारच.

*कडी ५: टिकणं.* नोकरी लागली, तीन वर्षांनी सोडली. आकड्यात एक वजा. पण ती व्यक्ती क्री शासनाच्या कार्यालयात गेली असेल, किंवा समाजाच्या स्वतःच्या बांधकाम कंपनीत? कंपनीच्या वहीत ही गळती आहे आणि समाजाच्या वहीत कमाई. ही नोंद कोणत्या रकान्यात टाकायची हे तुम्ही ठरवता, आणि ते का ठरवलं हे प्रबंधात लिहावं लागतं.

आता मुद्दा. या पाच कड्यांपैकी शिष्यवृत्ती थेट जोडते ती फार तर दुसरी, तीही अर्धी. बाकीच्या कड्या तुटलेल्याच राहिल्या आणि अहवालात फक्त "शिष्यवृत्ती दिली" हा रकाना असला, तर उद्दिष्ट हुकल्यावर दोष कुणावर जातो? विद्यार्थ्यावर. "आम्ही पैसे दिले, मुलंच टिकली नाहीत." तुम्ही काय मोजता यावरून दोष कुणाचा ते ठरतं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी नकळत हेच करत होते. गाईडचा "मग?" त्यासाठी होता.

"परिणाम झाला" म्हणण्याआधी

समजा तुम्हाला संख्यात्मक अभ्यासच करायचाय. तरी तीन खड्डे लक्षात ठेवा.

एक, निवड. कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या बहुतेक गुण, शिफारसपत्रं, नेतृत्व बघून दिल्या जातात. ज्यांना मिळाली ती मुलं तशीही पुढे गेली असती का? त्यांची तुलना सगळ्या समाजाशी केली तर शिष्यवृत्ती फारच प्रभावी दिसेल. त्यापेक्षा ज्यांनी अर्ज केला आणि थोडक्यात हुकली, अशांशी तुलना करणं जास्त न्याय्य. पण त्यासाठी नाकारलेल्या अर्जांची नोंद लागते, आणि ती अहवालात छापत नाहीत. ती मागायला जाणं हेच तुमचं खरं फिल्डवर्क.

दोन, छोटी संख्या. एखाद्या शिष्यवृत्तीचे वर्षाला पाच लाभार्थी असतील, तर एकाने कोर्स सोडला की गळती २० टक्के. पुढच्या वर्षी कुणीच सोडला नाही की "शंभर टक्के यश". अशा टक्केवारीचा आलेख काढू नका. पाचही जणांची गोष्ट नीट लिहा, त्यातून जास्त कळतं.

तीन, वाचलेल्यांचीच मुलाखत. पत्ता सापडतो तो नोकरीत असलेल्यांचा. जे मध्येच परतले ते यादीत नसतात. साखळी कुठे तुटली हे मात्र त्यांनाच माहीत असतं.

परवानगी म्हणजे फक्त सही नव्हे

कॅनडात फर्स्ट नेशन्सच्या माहितीवर काम करायचं तर "ओकॅप" ही तत्त्वं माहीत हवीत. १९९८मध्ये मांडलेल्या या चार गोष्टी: मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा. थोडक्यात, समाजाबद्दलची माहिती समाजाची. तिथल्या विद्यापीठांना लागू असलेल्या संशोधन-नीतीच्या दस्तऐवजातही फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी यांच्याविषयीच्या संशोधनावर स्वतंत्र नववं प्रकरण आहे. प्रश्न ठरवण्यापासूनच समाजाला सामील करून घ्या, हा त्याचा सूर.

ही केवळ औपचारिकता नाही. चार-पाच हजारांच्या गावात तुम्ही लिहिलंत "अमुक वर्षी इलेक्ट्रिकल शिकलेली एक मुलगी", तर नाव न लिहिताही सगळ्या गावाला ती कोण ते कळतं.

नोकरीच्या पलीकडची खुर्ची

एक शेवटचा फरक. मॅनिटोबा प्रांतात बर्नटवूड नदीवर वुस्क्वाटिम हे २०० मेगावॅटचं केंद्र आहे. २००६च्या करारानुसार निसिचावायासिक क्री नेशनला त्या प्रकल्पात ३३ टक्क्यांपर्यंत भागीदारी घेता आली. बांधकामाआधी त्यांनी नेल्सन हाउस इथे स्वतःचं प्रशिक्षण केंद्रही काढलं. भागीदारी फायद्याची ठरली की कर्जाचं ओझं झाली, हा वेगळा अभ्यासाचा विषय. पण इथे शिष्यवृत्तीचा अर्थच बदलतो. आता समाजाला ऑपरेटर हवेत, तसेच ताळेबंद वाचणारे, करार तपासणारे आणि नदीच्या पातळीचं मॉडेल समजणारे लोकही हवेत. "ऊर्जाक्षेत्रातलं करिअर" म्हणजे खांबावर चढणारा की संचालक मंडळात बसणारा, हे शिष्यवृत्तीची जाहिरात वाचून तपासा. कोणत्या कोर्सना ती लागू आहे, यातच उत्तर असतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या सगळ्या व्यक्तीच्या जमातीशी जोडलेल्या आहेत. कोणत्या प्रकल्पाने कुणाची जमीन घेतली याच्याशी त्यांचा संबंध नाही. क्री उदाहरणात शिक्षणाचा हक्क आणि नोकरीचं उद्दिष्ट, दोन्ही थेट नदीशी आणि प्रदेशाशी बांधलेले आहेत. तुलनेचा हा फरक नीट मांडला तरी एक चांगलं प्रकरण होईल.

सरदार सरोवर घ्या. धरणावरच्या वीजकेंद्रांची क्षमता १,४५० मेगावॅट, त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित, बहुतेक भिल्ल आणि पावरा वस्तीची. १९७९च्या लवादाच्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, हे तत्त्व होतं. त्या गावांतल्या मुलांसाठी त्या विजेतून शिक्षणाचं काही देणं लागतं का, हा प्रश्न कोणत्या कागदावर विचारला गेला होता का? शोधा.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं की विषय ठेव, प्रश्न बदल. "किती जणांना मिळाली" हे पहिल्या प्रकरणातल्या एका तक्त्यात बसव. प्रबंधाचा प्रश्न असा लिही: "शिष्यवृत्ती मिळाल्यानंतर साखळी कुठे तुटते, आणि ती जोडणं कुणाचं काम आहे असं करारात लिहिलंय?"

तिने दोन दिवसांनी नवा मसुदा पाठवला. तक्ता अजून आहे, पण त्याच्या खाली आता तिनेच पेन्सिलीने "मग?" लिहिलंय.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असा तक्ता असेल, तर आरआरसीच्या आधी एकदा हे करून बघा.